उभ्या गाडीचा रेडिएटर

बायको अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची. सुरुवातीची काही वर्षं ती थेट टेपवर वाचायची. चूक झाली की टेप मागं घ्यायची आणि पुन्हा वाचायची. मग ज्या संस्थेसाठी ती हे करायची त्या संस्थेला कुणीतरी देणगी दिली आणि आमच्याकडे संगणक आला.

तो सरळ घरी आला असता तर बरं झालं असतं. पण आधी तो एका सभागृहात गेला. तिथं त्याला हार घातला गेला, अंधारातून प्रकाशाकडे या विषयावर विश्वस्तांचं चाळीस मिनिटं भाषण झालं आणि प्रात्यक्षिक म्हणून बायकोनं दोन मिनिटं वाचून दाखवलं. संगणकाचा आवाज कुणालाच आला नाही, कारण सभागृहातले पंखे त्याच्याहून मोठ्यानं फिरत होते. जुना टेपरेकॉर्डर समारंभपूर्वक परत घेण्यात आला. श्रोत्यांत अंध विद्यार्थी एकही नव्हता. त्यांची त्या दिवशी चाचणी परीक्षा होती.

पंधरा दिवसांनी एका विद्यार्थिनीचा फोन आला. सायखेड्याची मुलगी, नाशकात वसतिगृहात राहून एम.ए. करत होती. जन्मापासून दिसत नव्हतं. तिनं आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, वाचन छान झालंय म्हणाली, आणि मग विचारलं, "ताई, तुमच्या शेजारी पिठाची गिरणी सुरू झालीय का?"

गिरणी म्हणजे आमचा संगणक होता. संगणकावरचं वाचन संस्थेत टेपवर उतरवून मुलांना मिळायचं आणि ही मुलगी टेप दीडपट वेगानं ऐकायची. तिच्यासारखी सगळीच मुलं तसं ऐकतात. चारशे पानं साध्या वेगानं ऐकत बसलं तर परीक्षा निघून जाते. वेग वाढवला की बायकोचा आवाज चिमणीसारखा व्हायचा, त्याची तिला सवय होती. पण संगणकाच्या पंख्याची घरघर चढून शिट्टी व्हायची आणि त्या शिट्टीत स आणि श बुडून जायचे. आदल्या वर्षी ती याच पेपरात नापास झाली होती, कारण तेव्हा पुस्तक वाचून मिळायलाच उशीर झाला होता. वसतिगृहातली जागा या उन्हाळ्यापर्यंतच होती. या खेपेस पेपर सुटला नाही तर शिक्षण संपलं, सायखेड्याला परत. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

परीक्षा एप्रिलमध्ये होती. नऊ प्रकरणं बाकी होती. फोन ठेवून बायको माझ्याकडे वळली.

"तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता ना? मग याला गप्प करा."

मी माध्यमिक शाळेत शिकवत होतो आणि मला आजवर वर्गही पूर्ण गप्प करता आला नव्हता. पहिल्या दिवशी मी संगणकावर गोधडी टाकली. तो वीस मिनिटांत तापून बंद पडला. तो दुसऱ्या खोलीत का ठेवला नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. दुसऱ्या खोलीत माझे वडील आणि त्यांचा टीव्ही राहत होते, तिसऱ्याला तिथं जागा नव्हती. अण्णा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर नोकरी करून निवृत्त झाले होते आणि वयानं त्यांना बरंच कमी ऐकू यायचं. त्यांचा टीव्ही मात्र शेजारच्या इमारतीत ऐकू जायचा. बायकोच्या वाचनाच्या वेळी ते तो बंद ठेवत, एवढाच त्या खोलीचा उपयोग. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की घर इतकं शांत व्हायचं की त्यात काहीही वाचावं. फक्त तेव्हा संगणक चालायचा नाही.

पाण्यानं थंड होणाऱ्या संगणकांचे फोटो मी एका सायबर कॅफेत बसून पाहिले. परदेशात हौशी लोक ते स्वतः बनवत. पंप पाणी फिरवतो, पाणी उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि मोठे पंखे हळू फिरून तो थंड करतात. कॉलेज रोडच्या संगणक दुकानदारानं असा तयार संच मागवून देता येईल असं सांगितलं. त्यात निळे दिवे होते. दिवे नसलेला मिळेल का विचारलं तर त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. किंमत सांगताना मात्र त्यानं आवाज खाली आणला. त्या दुकानात शांत होऊ शकणारी तेवढी एकच गोष्ट होती.

तेव्हा मी द्वारका चौकाजवळच्या एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. तीन पिढ्यांचं दुकान. त्यांनी गाडी कोणती विचारलं. गाडी नाही, संगणक आहे, म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि किती तापतो, ते विचारलं. मग मोटारींच्या हीटरमधले दोन छोटे रेडिएटर समोर ठेवले. एकाची जाळी इतकी दाट की पलीकडचा उजेडही जेमतेम दिसावा. दुसऱ्याची विरळ, पत्र्या वाकलेल्या, दिसायला दरिद्री.

मी दाट जाळीचा उचलला. पृष्ठफळ जितकं जास्त तितकी उष्णता लवकर जाते, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

"साहेब, ही पळत्या गाडीची जाळी हाय," मिस्त्री म्हणाले.

मी त्यांना पृष्ठफळ समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. माझ्या वर्गातली मुलंही अशीच मान डोलावतात.

माशांच्या टाकीचा पंप, रबरी नळी, बॅटरीत घालायचं पाणी आणि बाजारातले दोन पंखे जोडून मी यंत्र उभं केलं. पंखे हळू ठेवले की पाणी तापत जायचं आणि बायको प्रकरणाच्या मध्यावर असताना संगणक मान टाकायचा. पंखे जोरात ठेवले की हवा त्या दाट जाळीतून शिट्टी मारत निघायची, म्हणजे टेपचा वेग न वाढवताच शिट्टी. पूर्वी आमच्याकडे नुसती गिरणी होती. मार्च निम्मा संपला. वाचून झालेलं दीड प्रकरण वाया गेलं आणि बायकोनं माझ्याशी पदार्थविज्ञानावर बोलणं बंद केलं.

अण्णा हे सगळं दारात उभे राहून पाहत होते. एका सकाळी ते देवापुढची उदबत्ती घेऊन आले. आता पूजेची पाळी आली, असं मला वाटलं. त्यांनी ती हळू फिरणाऱ्या पंख्यासमोर धरली. धूर पंख्यात गेला, जाळीला टेकला आणि बाजूनं परत फिरून अण्णांच्याच तोंडावर आला. पलीकडे काहीच निघालं नाही.

"हवा आत शिरतच नाही," अण्णा म्हणाले. "पृष्ठफळ काय चाटायचंय?"

दुपारी आम्ही दोघं मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींचं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांनाही कमीच ऐकू यायचं. शांत रेडिएटर कसा असावा यावर ते दोघं इतक्या मोठ्यानं बोलले की समोरचा चहावाला बघायला आला. मिस्त्रींचं म्हणणं असं, की पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, तिला दाट जाळी चालते. "तुमची गाडी तर उभीच हाय ना," ते मला म्हणाले. "मी तवाच बोललो होतो." उभ्या यंत्राला जाळी विरळ हवी आणि जाडीही कमी हवी, म्हणजे मंद पंख्याची हवासुद्धा आरपार जाते. अण्णांना हे आधीपासून ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही, एवढं ते म्हणाले.

मिस्त्रींनी तो दरिद्री रेडिएटर घेतला, वाकलेल्या पत्र्या एका बारीक फणीनं सरळ केल्या, नळीची तोंडं नव्यानं झाळली आणि हवा भरून पाण्याच्या पिंपात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. पृष्ठफळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांच्याकडून मी काही शिकलो असेन तर ते हेच.

पंखे निवडायला कॉलेज रोडला पुन्हा गेलो. दुकानदारानं एका पंख्याचं खोकं अण्णांपुढं धरलं आणि त्यावर किती कमी डेसिबल लिहिलेत ते दाखवलं.

"खोकं शांतच आहे," अण्णा म्हणाले. "पंखा दे."

दुकानात वीतभर रुंदीचे जेवढे पंखे होते तेवढे त्यांनी एकेक करून जोडायला लावले. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक फिरत्या पंख्याच्या चौकटीला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. टर्बाइनचं बेअरिंग बिघडतंय का हे ते नोकरीत असंच पाहायचे. कानानं येणारा आवाज गेला होता, हाडानं येणारा शाबूत होता. दुकानदारानं मला हळूच विचारलं, यांना काही त्रास आहे का. अण्णांनी एकोणीस पंखे नाकारले. दोन ठेवले. त्यातला एक दुकानातला सगळ्यात स्वस्त होता, आणि यावर दुकानदाराचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

घरी येऊन अण्णांनी त्यांना पुऱ्याऐवजी निम्म्याहून थोडा जास्त विजेचा दाब दिला, पंखे आणि चौकट यांच्यामध्ये रबर घातलं आणि पंप भांडी घासायच्या स्पंजवर बसवला. पुन्हा उदबत्ती लावली. या खेपेस धूर संथपणे पलीकडे निघाला. पाणी कोमट झालं आणि कोमटच राहिलं. मी कान लावला तर माझाच कान ऐकू आला.

राहिलेली प्रकरणं बायकोनं अठरा दिवसांत वाचली, वीज असेल तेव्हा. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, मार्चअखेरचं ऊन. त्या खोलीत थंड असा एकच जीव होता, आणि तो संगणक होता. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसायचे, तळहात संगणकाच्या पत्र्यावर. नवीन यंत्र सुरू केलं की माणसानं जागा सोडायची नसते, असा त्यांचा नियम होता. पाणी गळलं तर पहिल्यांदा हाताला कळणार, कानाला नाही.

पहिली तीन प्रकरणं पाठवल्यावर मुलीचा फोन आला. गिरणी बंद झाली म्हणाली. मग विचारलं, "ताई, तुमच्याजवळ कोण बसतं?"

अण्णा श्वास घेताना नाकातून बारीक आवाज यायचा. घरात तो आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. आधी टीव्ही होता, मग गिरणी होती. आता सगळं गप्प केल्यावर तेवढाच उरला होता. बायकोनं मुलीला विचारलं की ती प्रकरणं पुन्हा वाचून देऊ का. परीक्षेला तीन आठवडे होते.

"माणूस आहे ना?" मुलगी म्हणाली. "मग असू द्या. मी वेग वाढवला की तेही भरभर श्वास घेतात. माझ्याबरोबर पळतायत असं वाटतं."

अण्णांना आम्ही हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी श्वास रोखून ड्युटी केली असती.

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली, त्या पेपरात बऱ्यापैकी गुण पडले, आणि पेढे घेऊन घरी आली. पंखे चालू आहेत का, तिनं विचारलं. तिच्या कानांनाही कळत नव्हतं. अण्णांनी तिचा हात धरून पत्र्यावर टेकवला. तिनं मान अण्णांच्या बाजूला कलती केली. हाताखालच्या पंख्यांकडे तिचं लक्ष असावं असं मला वाटलं, पण नव्हतं.

"तुम्हीच का ते?" ती अण्णांना म्हणाली. "सगळं पुस्तक माझ्याबरोबर पळालात."

अण्णांना ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या.

"मी कुठं पळालो?" अण्णा म्हणाले. "बसूनच होतो."