कुमुदचं ‘नाही’

कुमुद गेल्याचं तिच्या मुलीनं, पूर्वानं, सकाळी साडेसातला फोन करून सांगितलं. “मावशी, आई गेली.” मी गॅसवरचं दूध तसंच ठेवून विचारलं, “कशानं?” अशा वेळी कुणी हे आधी विचारत नाही. पण आम्हा दोघींच्या बाबतीत तोच प्रश्न मुख्य होता आणि पूर्वालाही ते ठाऊक असावं. ती म्हणाली, “हार्ट. आंघोळीला जाते म्हणाली, पलंगावर बसली, और बस...” मला रडू आलं नाही. मला तिचा हेवा वाटला. आज पाच आठवड्यांनी हे लिहिताना शब्द बदलून ‘धक्का’ लिहावा असं दोनदा मनात आलं, पण खोटं कशाला लिहू? आम्हा दोघींनाही स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला. त्यातून उठलेली बाई देवाकडे अमरपट्टा मागत नाही. ती एवढंच मागते, की यायचं ते मरण येऊ दे, पण त्यानं नको, दुसऱ्या कशानंही चालेल. कुमुदला ते मिळालं. मी अजून रांगेत उभी आहे.

आमची ओळख नवऱ्यांमुळे झाली. दोघंही विमा कंपनीत, दोघांचीही बदली जयपूरला, आणि दोघांनीही पुढची बदली टाळत टाळत मुरलीपुऱ्यात घरं घेतली. मधे दोन गल्ल्या. ती सांगलीची, मी अकोल्याची. एरवी आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण परमुलखात मराठी बोलणारं माणूस म्हणजे नात्यातलंच. पहिल्याच हळदीकुंकवाला ती आली आणि माझ्याच घरात माझ्या सगळ्या मैत्रिणी तिच्याभोवती गोळा झाल्या. तिच्यात तसं विशेष काय होतं ते मला तीस वर्षांत सांगता आलं नाही. दिसायला बेताची, बोलणं हळू, स्वयंपाक माझा जास्त चांगला. पण भाजीवाला तिला न मागता कोथिंबीर द्यायचा आणि मला मागूनही दोन काड्या. हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे, कबूल. मी मात्र ती कधी हसण्यावारी नेली नाही.

आजारात तरी मी पहिली होते. माझं निदान झालं, तेव्हा कुमुद चार महिने माझ्याबरोबर दवाखान्यात येऊन बसली. केमोच्या दिवशी मला उलटीचा वास सहन होत नाही म्हणून पर्समध्ये लिंबाची सालं घेऊन यायची. आणि मग एका सकाळी तीच मला म्हणाली, “मंगल, मलाही काहीतरी लागतंय हाताला. तू बघतेस का?” मी बघितलं. होतं. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, हे खरं. पण तिची गाठ माझ्यापेक्षा लहान निघाली तेव्हा, आणि केमोनंतर माझे केस पांढरे, सरळ, विरळ उगवले आणि तिचे चक्क कुरळे आले तेव्हा, माझा जो जळफळाट झाला तोही खराच. सगळी कॉलनी म्हणायची, कुमुदजी तर तरुण दिसायला लागल्या. मी टोपी विणत बसले.

पाच वर्षं रोजची गोळी झाली आणि डॉक्टरांनी आम्हाला मोकळं केलं. लोकांनी पेढे मागितले. ज्याला हे झालेलं नाही त्याला वाटतं, की आता सुटका झाली. उलट असतं. गोळी चालू असते तोवर कुणीतरी राखण करतंय असं वाटतं. ती थांबली की रात्रंदिवस आपणच पहारेकरी. पाठ दुखली तर ती पाठ नसते, खोकला आला तर तो खोकला नसतो. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्याबद्दल आमच्याशी बोलायला कुणाला वेळ नव्हता... म्हणून सातव्या वर्षी तपासणीला गेलो असताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जेव्हा आम्हाला बसवून सांगितलं, की याच गोष्टीवर आता काम चाललंय, तेव्हा मी जागच्या जागी ताठ झाले. त्या म्हणाल्या, काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन झोपून राहतात. औषधं त्यांना ओलांडून जातात. त्या कधीतरी जाग्या होतात. तर त्या झोपलेल्या असतानाच शोधायच्या आणि तिथेच संपवायच्या, असा हा अभ्यास. हाडात सुई घालून तपासणी होणार, पेशी सापडल्या तर गोळ्या मिळणार. निम्म्या जणींना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, आणि कुणाला कोणती ते डॉक्टरांनाही माहीत नसणार. जागा थोड्या होत्या. आम्हाला दोघींना एकेक फॉर्म मिळाला.

फॉर्म हिंदीत. वर आमची नावं, वय, ऑपरेशनची तारीख जुन्या कागदांवरून छापलेली, आणि खाली एकच ओळ, ‘संशोधन अपेक्षित’, पुढे दोन चौकटी, हाँ आणि नहीं. मी ‘हाँ’वर अशी खूण केली की कागद पलीकडून उमटला. परीक्षेत झाकतात तसा हातानं फॉर्म झाकलाही, का ते विचारू नका. बाहेर आल्यावर कुमुद म्हणाली, “मी ‘नाही’ लिहिलं बाई. हाडात सुई म्हटल्यावर माझे पाय गार पडले.” मी तोंडदेखलं म्हटलं, अगं, असं कसं. मनातून बरं वाटलं. एक जागा कमी भरणार होती.

आठ दिवसांनी तिथल्या शेखावतजींचा मला फोन आला. हे त्या अभ्यासाचे कागद, तारखा, गोळ्या सांभाळणारे गृहस्थ. अदबीनं म्हणाले, “मैडम, आपने संशोधन लिखा है। क्या संशोधन चाहिए आपको?” मला वाटलं, दोन-तीन प्रकारचे अभ्यास असतील, माझी पसंती विचारताहेत. आपण कोण निवडणारे? मी नम्रपणे म्हटलं, “जो डॉक्टर साहब को ठीक लगे।” त्यांनी पुन्हा विचारलं, “मतलब, कुछ तो बताइए।” मी म्हटलं, “भैया, जो सबसे अच्छा हो, वही कर दीजिए।” ते म्हणाले, अच्छा जी, मैं बाद में फोन करता हूँ. तो फोन परत आला नाही. मी केला तेव्हा कुणीतरी सांगितलं, की भरती पूर्ण झाली.

आणि कुमुदला घेतलं.

“‘नाही’ लिहिलं तरी बोलावलं गं,” ती म्हणाली. “परत सगळं समजावलं, सही मागितली. समोर बसून दुसऱ्यांदा नाही म्हणायला माझी जीभ उचलेना.” तुम्हीच सांगा, यावर कोण विश्वास ठेवील? हो म्हणणारी बाहेर आणि नाही म्हणणारी आत? तिच्या हाडात झोपलेल्या पेशी सापडल्या हे तिनं मला सांगितलं, तेव्हा मला तिची काळजी वाटायला हवी होती. मी मनात म्हटलं, हिच्या निदान शोधल्या तरी. माझ्यात आहेत की नाहीत, ते बघायलासुद्धा कुणाला सवड नाही. मग तिच्या दर तीन महिन्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे तिला चहा मिळायचा. नर्स तिला कुमुदजी म्हणायच्या, गुडघ्यापासून झोपेपर्यंत सगळं विचारायच्या आणि ती जे सांगेल ते लिहून घ्यायच्या. रोज गोळी घेतली की डायरीत खूण करायची. ती डायरी तिनं फ्रिजवर ठेवलेली, म्हणजे मी पाणी प्यायला गेले तरी ती दिसणार. खरी गोळी की पोकळ, याचा मला तेवढा हेवा नव्हता. तिला विचारणारं कुणी आहे, याचा होता.

एकदा तिच्या स्वयंपाकघरातच मी ते बोलून टाकलं. ती थालीपीठ लावत होती. मी म्हटलं, “कुमुद, तू हो लिहिलं होतंस. मला वाईट वाटेल म्हणून नाही म्हणालीस, की मी मागे राहावं म्हणून, ते तुझं तुला ठाऊक. पण खोटं बोललीस.” तव्यावरचं करपायला लागलं तेव्हा तिनं ते उलटलं आणि म्हणाली, “मग तसं समज.” पुढचे दोन महिने मी तिच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मग संक्रांत आली, तिनं तिळगूळ पाठवला, मी गेले, आणि आम्ही पुन्हा पहिल्यासारखं बोलायला लागलो. पण तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मी तिला माफ केलंय असं मला वाटत होतं.

तेराव्यानंतर पूर्वा कुमुदचे कागद लावत बसली होती. पूर्वा जन्माची जयपूरची. मराठी बोलते, पण वाटेत हिंदीचे खड्डे लागतात. दवाखान्याची जाडी फाईल तिनं उघडली आणि म्हणाली, “मावशी, हे बघ, आईचा सर्वात पहिला फॉर्म. कॉपी ठेवलीये.” मी चष्मा लावला. ‘नहीं’वर बारीक, भित्री खूण. कुमुदचीच. मी म्हटलं, “अगं, मग हिला घेतलं कसं? हिनं तर नको म्हटलंय.” पूर्वा हसली. “नको कुठे? संशोधन मतलब करेक्शन ना, मावशी. वर नाव-बिव गलत असेल तर हाँ लिहायचं. आईचं सगळं बरोबर होतं, तर तिने नहीं लिहिलं. सही तर केलं.”

मी तीस वर्षं जयपुरात राहते. हिंदी पेपर वाचते. संविधानातलं संशोधन मला कळतं. पण त्या दिवशी त्या खुर्चीवर मी घाबरलेली होते, आणि घाबरलेलं माणूस आईच्या भाषेत वाचतं. कुमुदनंही तसंच वाचलं. दोघींनी एकच चूक केली, ती तिला फळली आणि मला भोवली. माझा कागद दुरुस्तीच्या गठ्ठ्यात जाऊन पडला, दुरुस्ती काय ते मी सांगेना, आणि तेवढ्यात जागा भरल्या. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे एका शब्दानं नेलं... आणि कुमुद खरं बोलली होती. बाहेर आल्याआल्या, कॉरिडॉरमध्ये, जसं होतं तसं. मी तिला तिच्याच स्वयंपाकघरात खोटी ठरवली आणि ती तशीच गेली. इथे मी लिहायला हवं, की मला पश्चात्ताप झाला. झाला. पण त्याच्याही आधी, खरंच सांगते, पुन्हा हेवाच वाटला. खरेपणाचा मानही तिनंच घेतला.

निघताना पूर्वानं माझ्या हातात एक बाटली ठेवली. उरलेल्या गोळ्या डायरीसकट परत कराव्या लागतात, तिची नोकरी सीतापुऱ्यात, सुट्टी मिळेना, मावशी तू देशील का. दवाखाना मला जवळ. मी हो म्हटलं आणि बाटली आठ दिवस घरात ठेवली. आधी कपाटात, मग ओट्यावर. नवव्या दिवशी सकाळी चहा घेतल्यावर मी त्यातली एक गोळी काढली आणि गिळली. कुमुदची खरी होती की पोकळ, एका गोळीनं काय होणार, यातलं काहीही मनात नव्हतं. मला फक्त एक हवी होती. काही चव नव्हती. मग मी साडी बदलली आणि रिक्षानं दवाखान्यात गेले.

शेखावतजींना मी आठवत नव्हते. कुमुदजींचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. निळ्या ताटलीत गोळ्या ओतून त्यांनी बोटभर पट्टीनं दोन-दोन सरकवत मोजल्या, डायरी बघितली, पुन्हा मोजल्या. “एक कम है।” मग स्वतःशीच म्हणाले, “चार साल में कुमुदजी की कभी एक भी गड़बड़ नहीं हुई...” आणि पेन उघडून लिहायला लागले, मरीज़ से खोई.

मी म्हटलं, “ऐसा मत लिखिए। उसने नहीं खोई। मैंने खाई है, आज सुबह।”

त्यांनी पेन थांबवलं. रागावले नाहीत, घाबरले. आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला, मला बसायला सांगितलं, नाडी बघायला नर्स बोलावली. मग समोर एक नवा कागद घेतला. माझं नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. सगळं नीट लिहून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं तिथे लिहून घेत होतं. “क्यों खाई, मैडम? कारण लिखना पड़ेगा।”

मी म्हटलं, “जलन।”

त्यांनी काळजीनं वर बघितलं. “गोली के बाद? पेट में या सीने में?”

“सीने में,” मी म्हटलं. “गोली के बाद नहीं। पहले से थी।”

“कब से?”

“जब से उसे जानती हूँ।”

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.