सासूबाईंनी बसवलेला प्रिंट सर्व्हर

हैदराबादेत नामपल्लीला आमचं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. कोर्टात लावायचे कागद आमच्याकडे येतात: उर्दूतली जुनी खरेदीखतं, तेलुगूतले जबाब, कधी मराठवाड्यातून आलेले मराठी फेरफार. काम करणारे मोजकेच. प्रत्येकाला कॉम्प्युटर, पण प्रिंटर सगळ्यांत मिळून एक. तो जुना, दणकट, मात्र त्याला नेटवर्कची वायर लावायची सोय नाही. म्हणून तो माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि बाकीचे माझ्यामार्फत प्रिंट काढायचे. माझा कॉम्प्युटर बंद असला की ऑफिसातून कागद निघत नसे. मी तापाने झोपलेली असले तरी फोन यायचा, "मॅडम, पासवर्ड बोलो, चालू करतो."

असाच एक फोन रविवारी जेवताना आला. समोर सासूबाई होत्या. नांदेडकडच्या खेड्यातून शिकून त्या रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न होऊन मी तारनाक्याच्या घरात आले तेव्हापासून मला त्यांचा धाक वाटायचा. सकाळी त्यांची बुद्धवंदना होईपर्यंत मी भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही. बोलणं घरातल्या कामांपुरतं. त्यांच्या नोकरीबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.

मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "प्रिंटर तुझ्याच मशीनला कशाला लावलाय?"

"मग कुठे लावणार, आई?"

"सर्व्हरला. सगळ्यांची छपाई सांभाळणारी वेगळी मशीन, कायम चालू. एखादी जुनी पडलेली आहे का तिथं?"

"आहे. टेबलाखाली. कुणी वापरत नाही."

"मग उद्या यायलेय मी."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर बसने आल्या. मला वाटलं, लगेच मशीन उघडतील. तसं काही केलं नाही. एका खुर्चीत बसून त्यांनी आधी सगळ्यांना विचारून घेतलं. कोण काय छापतं, कुणाला मोठा कागद लागतो, कुणाची घाई कधी असते. मग टेबलाखालची मशीन काढून फडक्याने पुसली आणि पेनड्राइव्हवरून तिच्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. त्या त्याला युनिक्सच म्हणत. "घराणं एकच," म्हणाल्या. काळ्या पडद्यावर त्या हुकूम टाइप करत होत्या आणि मी शेजारी बसून बघत होते. घरी रिमोट शोधायला चष्मा चाचपडणारी बाई इथे कीबोर्डकडे बघतसुद्धा नव्हती.

प्रिंटर त्या मशीनला जोडला. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता घातला. पहिलं पान आमच्या उर्दूच्या भाषांतरकारांनी पाठवलं. ते वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून आम्ही त्यांना बडे साहब म्हणतो. प्रिंटर घरघरला आणि पानामागून पान बाहेर पडायला लागलं. उर्दू नाही, इंग्रजीही नाही. कंस, टक्के, तिरप्या रेघा आणि तुटक अक्षरं.

बडे साहबांनी एक पान उचलून डोळ्यांजवळ धरलं. "अम्मा, ये कौनसी जबान है?"

सासूबाई प्रिंटरचा कागद काढून घेत शांतपणे म्हणाल्या, "कंप्यूटर की है, साहब. प्रिंटर कू समझी नै, तो जैसी आई वैसीच छाप दिया. बीच में तर्जुमा करनेवाला होना."

सगळे हसले. त्याही हसल्या. मग मला म्हणाल्या, "माझंच चुकलं. आलेला मजकूर जसाच्या तसा पुढं ढकल, असं मी त्याला सांगून बसले."

मला वाटलं, आता त्या सगळं पुसून पहिल्यापासून करतील. आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला तेच करायचा. सासूबाईंनी मात्र आधी छपाईच्या रांगेत अडकलेली कामं रद्द केली आणि सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी उघडल्या. एकेक ओळ सावकाश वाचत गेल्या. मलाही वाचायला लावल्या. "घाबरू नको. काय बिघडलं ते मशीन सांगत असते. आपण वाचत नाही." मग त्यांनी प्रिंटरचा बरोबर ड्रायव्हर, म्हणजे तो मधला तर्जुमा करणारा, निवडला आणि बडे साहबांना पुन्हा पाठवायला सांगितलं. या वेळी खरेदीखत निघालं, नुक्त्यांसकट स्वच्छ. बडे साहबांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं आणि एवढंच म्हणाले, "माशाल्ला."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "आई, हे सगळं कुठे शिकलात?"

"नोकरी लागली तेव्हा मला मोठ्या प्रिंटरवर कागद लावायला ठेवलं होतं. कॉम्प्युटरच्या टर्मिनलला हात लावू देत नव्हते. प्रिंटर चालायचा तासन् तास, तिथून हलता यायचं नाही. बाजूला कपाटात युनिक्सची पुस्तकं होती. ती वाचली."

"आणि मग?"

"मग एकदा साहेबांचं काम अडलं. मला येत होतं, मी केलं." भाकरीचा तुकडा मोडून त्या भाजीकडे वळल्या. गोष्ट संपली होती.

तीनेक दिवसांनी सकाळी लाईट गेली आणि आल्यावर एकाही कॉम्प्युटरला सर्व्हर सापडेना. मी घरी फोन लावला. "आई, येता का?"

"कशाला? तू आहेस की. सर्व्हरचा पत्ता काय दिसतोय, वाच."

मी वाचला. आम्ही प्रत्येक कॉम्प्युटरवर घातलेला पत्ता वेगळा होता. राउटर बंद पडून चालू झाला आणि त्याने सर्व्हरला नवाच पत्ता देऊन टाकला होता. तो कायमचा कसा बांधायचा ते त्यांनी फोनवर सांगितलं. सांगताना मध्ये थांबायच्या, मला शोधू द्यायच्या. माझं बोट चुकीच्या जागी गेलं तरी आवाज चढला नाही. प्रिंटर सुरू झाल्यावर मी म्हणाले, "झालं, आई." त्या म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी फोन करू नको." रागाने नव्हे. मला ते फार आवडलं.

सर्व्हर अजून चालतो. सुट्टीच्या दिवशी माझा फोन गप्प असतो. पण त्याहून मोठी गोष्ट घरात झाली. संध्याकाळी मी आल्यावर त्या विचारतात, आज रांग तुंबली का, नोंदींत काय आलं. मी सांगते, त्या आणखी एखादा हुकूम शिकवतात, आम्ही दोघी वाद घालतो. नवरा थोडा वेळ ऐकतो आणि ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसतो.