वस्तरा ठेव, जागा सोडू नको

धाकट्या माधवरावांच्या पेशवाईत सदाशिव पेठेत बजरंग नावाचा न्हावी होता. हात असा हलका, की गिऱ्हाईक दाढी करून घेता घेता पेंगायचं. तीस वर्षांत कुणाच्या गालावर रेघ उमटली नव्हती. आणि अशा माणसाला, काही म्हणता काही झालेलं नसताना, माघातल्या एका सकाळी आप्पासाहेबांच्या ओसरीवर मरण दिसलं.

आप्पासाहेब म्हणजे सरकारी दफ्तरातले कारकून. ते मान वर करून बसले होते, वस्तरा गळ्याशी होता, आणि बजरंगच्या मनात आलं, हात निसटला तर? झालं! छातीत धाडधाड सुरू झालं, बोटांना मुंग्या आल्या, श्वास घशाखाली उतरेना. आपण आता इथंच आडवे होणार, अशी त्याची खात्रीच पटली. "पोट बिघडलंय जी," म्हणत त्यानं हत्यारांची धोपटी उचलली आणि घर गाठलं. उंबरा ओलांडला तसं बरं वाटलं. इथंच गडी चुकला. घरी पळालो म्हणून वाचलो, हे त्यानं मनाशी घट्ट धरलं.

मग ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. बायकोनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. वैद्यानं नाडी पाहिली, "तुला काय धाड भरलीय?" म्हणाला आणि तरीही काढा दिला. काढा कडू होता, एवढंच. बजरंग एकेक घर टाळू लागला. गेलाच कुठं तर नुसतं पाणी चोळत बसायचा, म्हणजे वस्तरा उचलायला नको. "दाढी भिजवतोयस की डाळ?" लोक विचारायचे. गळ्याखालचं काम मुलाकडं, हैबतीकडं गेलं. मग गालांचंही गेलं.

अशात कोथरूड गावात दिलेली त्याची लेक कुसुम आली. पाच वर्षांच्या नवसानं तिला मूल झालं होतं. "आबा, वैशाखात अखितीला पोराचं जावळ. तुम्हीच काढायचं. दुसऱ्या कुणाचा वस्तरा मी त्याच्या डोक्याला लावू देणार न्हाई." बजरंग "बरं" म्हणाला आणि परसात जाऊन रडला. पहिले केस, कोवळी टाळू, आणि हा असा हात. नाही म्हणावं तर लेक तुटणार, हो म्हणावं तर नातवाचा जीव.

चैत्रात एक दिवस हैबती परगावी गेला होता आणि पेठेतल्या पारावर जब्बारमियां बजरंगकडं दाढीला आले. तोफखान्यातले जुने गोलंदाज. मिशा झुपकेदार, हनुवटी सफाचट लागायची. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. एक गाल झाला आणि बजरंगच्या छातीत धाडधाड उठली. तो उठू लागला.

"वस्तरा ठेव," जब्बारमियां शांतपणे म्हणाले, "पण जागा सोडू नको."

"मियां, मी मरतोय."

"मलाही असंच वाटायचं. तोफेपाशी कधी नाही झालं. घरी परतल्यावर, सासुरवाडीला, भरल्या ताटावरून उठून पळालो. सासू अजून विचारते, कालवणात काय कमी होतं." ते हसले नाहीत. "ही छाती मरायला धडधडत नाही रे, पळायला धडधडते. अंगाला वाटतं वाघ आलाय. वाघ नसतो. मला सांग, हे किती वेळ टिकतं?"

बजरंग थांबला. "ठाऊक नाही. मी घरी जातो ना."

"म्हणजे तू याचा शेवट कधी बघितलाच नाहीस. आज बघ. पाय जमिनीला टेकव. श्वास ओढू नको, हळू सोड. येतंय ते येऊ दे."

बजरंग बसला. ते चढलं, आणखी चढलं, त्याला घाम फुटला. मग तांब्याभर पाणी तापायला जेवढा वेळ लागावा, तेवढ्यात ते आपोआप उतरलं. घर नाही, काढा नाही, मीठमोहऱ्या नाहीत. त्याला एवढं हलकं वाटलं, की तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. जब्बारमियां अर्ध्या दाढीनं शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, "आता दुसरा गाल."

दुसऱ्या दिवशी बजरंगनं आप्पासाहेबांना खरं ते सांगितलं. मध्येच घाबरं झालं तर वस्तरा खाली ठेवीन आणि बसून राहीन, आपणही बसावं.

"बसतो," आप्पासाहेब म्हणाले. "अर्ध्या दाढीनं कुठल्या स्वारीवर जाणार आहे मी?"

त्या दिवशी दोनदा थांबावं लागलं. पुढच्या खेपेस एकदा. कधी सगळी पेठ निभावली, कधी पहिल्याच ओसरीवर बसावं लागलं. पण पळाला नाही.

अखिती उजाडली. कुसुमच्या अंगणात माणसं जमली. पोर मामाच्या, म्हणजे हैबतीच्या मांडीवर. बजरंगनं कोमट पाण्यानं जावळ भिजवलं, कडेचे केस उतरवले आणि वस्तरा टाळूपाशी आला. टाळू अजून भरली नव्हती. अंगठ्याखाली ती उडत होती. आणि ते आलं. एवढ्या लोकांत, विहिणीच्या देखत.

हैबतीनं ओळखलं. "आबा, द्या माझ्याकडं," तो हळूच म्हणाला.

"नको. तू मांडी हलवू नको."

त्यानं वस्तरा पाटावर ठेवला. पाय जमिनीला टेकवले, श्वास हळू सोडला. विहीणबाई पुढं झाल्या, "काय झालं हो?"

"काही नाही," बजरंग म्हणाला. "घाबरलोय. जाईल आता."

कुसुमनं पोराला उचललं नाही. विहिणीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतःही बसली. मग हैबतीची बायको बसली, शेजारणी बसल्या. बजरंगनं जागा सोडली नाही, आणि अंगणातलंही कुणी उठलं नाही.

ते उतरलं. बजरंगनं वस्तरा धुतला आणि टाळूवरून इतका हलका फिरवला, की पोर पेंगायला लागलं.