बहिऱ्या मिस्त्रींचा तळहात

बहिरे मिस्त्री कुणाच्याही मोटारीत बसण्याआधी चपला काढत. नव्या माणसाला वाटे, काय हा भक्तिभाव! अकोल्यात तेव्हा मोटारी मोजक्याच होत्या, त्यामुळे कुणी मोटारीला देव मानलं असतं तरी फारसं नवल वाटलं नसतं. मिस्त्रींचं कारण साधं होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि गाडीचं दुखणं ते हातापायांच्या तळव्यांनी तपासत.

उमेदीची वर्षं त्यांनी जिनिंग फॅक्टरीत काढली होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले. त्याचं दुःख करताना मी तरी त्यांना कधी पाहिलं नाही. "कानानं लोकायचं आयकू येते, मशीनीचं हातानं," असं ते म्हणत. लोकांचं ऐकण्यासारखं फारसं काही नसतं, हे त्यात आलंच. कुणी कानाशी ओरडू लागलं की हात वर करून थांबवत. "वरडू नोका. मले काई आयकू येत नाई, तुमचाच घसा दुखन." ओठ मात्र ते असे वाचत की त्यांच्यासमोर पुटपुटायचीही चोरी होती.

आमची गाठ पडली ती माझ्या नव्या गाडीपायी. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. टांग्यातून एखाद्या खेड्यात पोचेपर्यंत पोर जन्मून रडायलाही लागलेलं असे, आणि दोनतीनदा ते रडलंच नाही. म्हणून मी हट्टानं गाडी चालवायला शिकले आणि नागपूरहून कोरी गाडी आणली. साठ-एकसष्ट साल असेल. पहिला महिना झकास गेला. मग भर पावसाळ्यात बाळापूरकडच्या एका अडलेल्या बाईसाठी गेले, आणि परतताना गाडी काळ्या मातीत रुतली. दोन बैलजोड्या लावून ती बाहेर काढली. आमच्या कंपाउंडरनं धुऊन ती अशी लखलखीत केली की तिच्यात बघून भांग पाडावा. पण त्या आठवड्यापासून काटा पस्तीस मैलांच्या पुढे गेला की अख्खी गाडी हीव भरल्यासारखी कापू लागे.

नागपूरच्या मेकॅनिकनं इंजिन उघडून पाहिलं, काही सापडेना, तेव्हा "नवी आहे, बसेल हळूहळू" असं सांगून तो गेला. टांगेवाल्यानं मनापासून हळहळ व्यक्त केली आणि टांगा पुन्हा दारात आणून उभा केला. खरा घाव घातला तो माझ्या थोरल्या भावानं. तो अमरावतीला वकील, आणि गाडीचे कागद त्याच्या नावावर. त्याचं निदान असं की बाईमाणसाचा हात हलका, स्टीअरिंग पेलत नाही, म्हणून गाडी थरथरते. रविवारी येऊन गाडी अमरावतीला नेतो, असं त्यानं कळवलं. चालवता येत नाही असा शिक्का घेऊन पुन्हा टांग्यात बसायचं, या विचारानं मला रडू कोसळलं, खोटं कशाला सांगू? शनिवारी कुणीतरी मिस्त्रींचं नाव सुचवलं आणि मी निरोप धाडला.

रविवारी भाऊ आणि मिस्त्री एकदमच दारात आले. मिस्त्रींनी दोघांचंही म्हणणं ओठांवरून वाचून घेतलं, चपला काढल्या आणि आधी भावालाच चालवायला बसवलं. बाळापूरच्या रस्त्याला काटा चाळीसवर गेला आणि भावाच्या हातात स्टीअरिंग लटलटू लागलं. मिस्त्री मागे तळवे टेकून डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "वकीलसायेब, हात तं तुमचाबी हलकाच निंगाला."

मग त्यांनी मला चालवायला लावलं, आणि ऐन वेगात न्यूट्रल करायला सांगितलं. इंजिनचा जोर गेला तरी थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नव्हे, चाकात. जागा बदलत ते माझी सोडून उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत बसून पाहत होते, आणि त्यापायी भावाला दर वेळी उठावं लागत होतं. शेवटी मागच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचा पाय थांबला. चाक उतरवून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला, धुणाऱ्याचा हात पोचणार नाही अशा जागी, काळ्या मातीचं भलंमोठं ढेकूळ वाळून विटेसारखं घट्ट बसलं होतं. एका बाजूला तेवढं ओझं घेऊन चाक फिरत होतं. मिस्त्रींनी ते स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं आणि भावाच्या हातात ठेवलं.

"बाईचा हात चांगला हाये. एवढ्या गाऱ्यातून गाडी घरी आनली," ते म्हणाले. "तुमी ह्ये ढेकूळ न्या अमरावतीले. गाडी राहू द्या."

भाऊ मोकळेपणानं हसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. गाडी राहिली. पुढे मिस्त्रींच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं. तपासताना मी तिला धीर देत सारखी बोलत होते, ते दारातून मिस्त्रींनी पाहिलं. नंतर मला म्हणाले, "लय बोलता बाई तुमी. हात ठेवला का चूप राहा." ते मी आजवर पाळते. पोटावर हात ठेवून गप्प राहिलं की पुष्कळ कळतं.

सात-आठ वर्षांनी कानावर आलं की मिस्त्रींनी काम सोडलं. भेटायला गेले तर अंगणात बाजेवर बसले होते, आणि उजवा हात मांडीवर आपोआप थरथरत होता. मी डॉक्टर, मला विचारायची गरज नव्हती. गाडी पाहून ते उठले, सवयीनं चपला काढल्या आणि बॉनेटवर तळहात टेकला.

"अजून थरथरून रायली," ते म्हणाले. "मांगचं चाक पाहा."

मी निमूटपणे मागे गेले, चाकाशी बसले आणि स्क्रूड्रायव्हरनं रिम खरवडली. तिथे काहीच नव्हतं. परत येऊन मी त्यांच्या हातावर माझे दोन्ही हात ठेवले आणि थरथर थांबेपर्यंत घट्ट दाबून धरले.

"गेली," ते म्हणाले. मग माझ्या बोटातल्या किल्लीकडे पाहून हसले. "इंजन तं कवाचं बंद हाये, बाई."

मी गप्प राहिले. हात मी उचलले नाहीत, आणि त्यांनीही आपला काढून घेतला नाही.