भुजंगचे पांढरे कपडे

आखाडा बाळापुरात पांढरे कपडे दोघांचेच. एक पुढाऱ्यांचे, दुसरे भुजंगचे. पुढाऱ्यांचे पांढरे का राहतात ते सांगायला नको; ते मातीत उतरतच नाहीत. भुजंग मात्र दिवसभर हळदीत असतो. हिंगोलीच्या एका आडत्यासाठी गावोगावच्या हळदीचा नमुना गोळा करायचा, हा त्याचा धंदा. खळ्यावर जायचं, कांडं उचलायचं, कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा, बोटं रुमालाला पुसायची आणि पुढच्या गावाला गाडी हाणायची. रुमाल पिवळा, माणूस पांढरा.

त्याची मोटारसायकल मात्र डांबरावरच. नांदेड-हिंगोली रस्त्यावर त्याला डगमगताना कुणी पाहिलेलं नाही. खड्डा कुठं आहे ते त्याला झोपेतही सांगता येईल, कारण आपल्याकडे बिलं निघतात, खड्डे जागचे हलत नाहीत. डांबर संपलं की गडी गाडी कडेला लावायचा आणि खळ्यापर्यंत पायी जायचा.

अशा बापाची पोरगी सीमा निघाली मातीची. रणजीत मिस्त्री आणि त्याच्या चार-दोन दोस्तांनी पद्माबाईच्या रानात, हळद काढून मोकळ्या झालेल्या तुकड्यात, ट्रॅक्टर फिरवून वळणावळणाची वाट केली होती. त्या वाटेवर मोटारसायकली पळवायच्या. सीमा कॉलेजातून सुटली की तिथं. भुजंगला हे चहाच्या टपरीवर कळलं, तेही असं की रविवारी नांदेडला मातीच्या रेसमध्ये पोरगी उतरणार आहे.

घरात ठिणगी पडली.

"पोरीच्या जातीला हे काहून पाहिजे?" भुजंग गरजला.

"अन् पोरगा असतो तर चाललं असतं का, बाबा?"

पोरीची जात काढणाऱ्या बापाला असंच गप्प करायला पाहिजे. पण खरं सांगायचं तर त्याच्या नकाराचं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. त्याचा जोडीदार शिवहार काही वर्षांमागं कळमनुरीच्या पुढं गाडीसकट खडीवर घसरला होता. मागून ट्रक येत होता. शिवहारला ओढून काढणारा भुजंगच. शिवहारच्या मांडीत सळई बसवावी लागली, तो अजून लंगडतो. त्या दिवशी भुजंगचा शर्ट गळ्यापासून खालपर्यंत लाल झाला होता. तेव्हापासून संध्याकाळी शर्ट पांढरा दिसला की दिवस धड गेला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

त्याची बायको रूपाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बापलेक कवाचे भांडून राहिले. अहो, ते रान पाहिलं तरी का तुमी?"

सीमानं तेवढंच उचललं. "बाबा, उद्या एक चक्कर तुमी मारा. मारून झाल्यावर न्हाई म्हणलात तर मी नांदेडचं नाव घेणार न्हाई. शब्द."

"मला काय अवघड हाये त्यात?" भुजंग म्हणाला. तिथंच फसला.

सकाळी तो रानात आला तो इस्त्रीच्या कपड्यांत. रणजीतनं हात जोडले. "भुजंगभाऊ, लग्नाला चाललात का?"

"मी पडत नसतो रे."

सीमाची गाडी पाहून तो आणखी बिघडला. दिवा नाही, मडगार्ड नाही, चाकांना माती पकडणारे, गोट्यागोट्यांचे बटन टायर. "ही गाडी हाये का सांगाडा?"

"बसा तर. आधी हेल्मेट," सीमा म्हणाली. "हँडल आवळू नका. गाडी हलंल, हलू द्या. अन् वळणावर म्होरचा ब्रेक बिलकुल दाबायचा न्हाई."

"गाडी चालवायला मला तू शिकवती?"

"आज व्हय."

रानाच्या एका टोकाला हळदीच्या पॉलिशचा ड्रम फिरत होता, शेजारी पिवळ्याधमक भुशाचा ढीग. भिकाबाई आणि आणखी बाया मातीत राहिलेली कांडं वेचत होत्या. भुजंग निघाला तशा त्या कमरा सरळ करून उभ्या राहिल्या.

सरळ वाटेवरच गाडी बोकडासारखी उड्या मारायला लागली. भुजंगनं हँडल दोन्ही हातांनी असं आवळलं की खांद्यात कळ आली. गाडी आणखी हलली. वळण आलं. उजव्या हाताची बोटं, डांबरावर मुरलेली, आपोआप ब्रेकवर गेली. पुढचं चाक साबणासारखं निसटलं, आणि भुजंग, गाडी सोडून, थेट भुशाच्या ढिगात.

ड्रम थांबला. सीमा धावत सुटली. भुजंग डोळे मिटून पडला होता. तो वाट बघत होता, कळ कुठून येते याची. मांडीतून? कमरेतून? मागून ट्रकचा आवाज? काहीच येईना. खाली मऊ भुसा, नाकात हळदीचा वास, वर ऊन.

"बाबा! ओ बाबा!"

त्यानं डोळे उघडले. भिकाबाई वाकून बघत होती. "जिता हाये गं! अन् हळदबी लागली. भुजंगभाऊ, नवरी कोणत्या गावची म्हणायची?"

बाया खो-खो हसल्या. आणि मग भुजंगच हसायला लागला. एवढ्या वर्षांची भीती पोटात दाबलेली, ती हसण्यावाटे निघाली. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून पिवळा धूर.

"पुन्यांदा," तो उठून म्हणाला.

या वेळी हँडल सैल धरलं. ब्रेककडे जाणारी बोटं त्यानं मुठीवरच दाबून ठेवली. वळणावर पाय बाहेर टाकला, मागचं चाक घसरलं, आणि घसरतानाच गाडी वळलीही. भुजंग ओरडला. काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही. चक्कर पुरी झाली, तो थांबला नाही, दुसरी मारली, तिसरी मारली.

"बाबा, एक म्हणलं होतं! माझा नंबर हाये!"

शेवटी उतरला आणि रणजीतला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग. हाडं मोडतात का इथं?"

"मोडतात की भाऊ. खोटं काहून सांगू? पण छातीला, गुडघ्याला सगळं बांधून बसायचं. अन् मागून ट्रक येत न्हाई."

भुजंगनं हेल्मेट काढलं. मग सीमाला म्हणाला, "सगळं बांधून बसनार असशील तर जा. मी येतो संगं."

घरी रूपाबाईनं त्याला उंबऱ्यातच अडवलं. "इतकी वर्सं नीळ मी घातली. हे आज तुमी धुवा."

भुजंग न्हाणीत बसला. शर्टाला साबण लावला आणि पिवळ्याचं लालभडक झालं. हळदीला साबण लागल्यावर होतं तसं. घरातल्या लेकरालाही माहीत. तरी त्याचे हात थांबले. मग त्यानं शर्ट नाकाला लावला, हळदीचा वास घेतला आणि पाणी ओतलं.

उन्हात शर्ट पुन्हा पिवळसर झाला. दुसऱ्या दिवशी तोच घालून तो हिंगोलीला गेला. आडत्या डोळे फाडून बघत म्हणाला, "काय भुजंगराव, पडले का काय?"

"व्हय," भुजंग ऐटीत म्हणाला. "अन् रविवारी मी दुकानावर न्हाई. पोरीची रेस हाये."