अंगठ्यानं लावलेला बेंजो

कुठंही काही ताणलेलं दिसलं की दुकानात येणारे ते विणकर मामा त्यावर अंगठा टेकवायचे आणि म्हणायचे, “ताण बरोबर न्हाय की.” मग ती बाजेची नवार असो, कपडे वाळत घालायची दोरी असो, नाहीतर आमच्या दुकानातल्या एखाद्या वाद्याची तार. एकदा आमच्या गल्लीत कुणाच्या तरी बारशाचा मांडव पडला होता. त्याचे दोर मामांनी कुणी न सांगता सोडले आणि पुन्हा बांधले. मांडववाला तोंड उघडं टाकून बघत राहिला.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझ्या वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. पेट्या दुरुस्त करायच्या, ढोलक्या मढवायच्या, चार वाद्यं विकायची, असा कारभार. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, म्हणून दुकानात समोर मी आणि मागच्या खोलीत वडील. माझी जीभ तेव्हाही तिखट होती, आताचं तर विचारूच नका.

हे गृहस्थ गावाच्या पूर्व भागातले विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. लग्नाकार्यात बेंजो वाजवायचे. बेंजो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तो बटणांचा, मांडीवर ठेवून वाजवायचा बेंजो आला असेल. आपल्याकडच्या बेंजो पार्टीत असतो तो. यांनाही तोच यायचा. पण आमच्याकडे भिंतीवर दुसऱ्या जातीचे दोन बेंजो टांगलेले होते. लांब दांडीचे, चार तारांचे, खाली परातीएवढं गोल तोंड असलेले. एक अगदी नवा, चकचकीत, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा. दुसराही नवाच, पण जुन्या घाटाचा केलेला. पितळेचं कडं, गडद लाकूड आणि बकऱ्याचं कातडं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं दोन्ही वडिलांच्या गळ्यात मारले होते आणि सोलापुरात त्यांना कोणी विचारत नव्हतं.

यांनी विचारलं. नुसतं विचारलं नाही, दर सुटीला येऊन विचारलं. आज हा काढ, उद्या तो काढ. चार महिने हा घोळ चालला. वडील एकदा म्हणाले, बेंजो घेताय की मुलीला स्थळ बघताय? वडिलांच्या तोंडात सदा तंबाखूचा बार, त्यामुळे ते काय बोलतात ते घरच्यांनाच कळायचं. हे हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “अम्मा, काय म्हनले गं?” लहान मुलीलाही ते अम्माच म्हणायचे, मी त्यांना मामा म्हणायची.

निवडायची रीतही न्यारी. दुकानाकडे पाठ करायची, बेंजो छातीशी घट्ट धरायचा, डोळे मिटायचे आणि एकच तार छेडायची. मग दुसरा बेंजो, पुन्हा तेच. एकदा तर दांडीचं टोक दातांत धरलं. मी म्हटलं, मामा, चावून बघायला ती काय कणसं आहेत? ते काहीच बोलले नाहीत. माणूस तसा बोलका. आले की मागाच्या गोष्टी, लेकींच्या गोष्टी, थांबायचं नाव नाही. पण ते पाठमोरे असताना काही विचारावं तर उत्तर नाही. मला वाटायचं, शिष्ट आहेत. बोलायला हवं, ऐकायला नको.

आणि तारा लावायची तऱ्हा. चारही तारांवर अंगठा दाबून बघायचे आणि खुंट्या पिळून चारही सारख्या ताठ करायचे. मी कपाळाला हात लावायची. तारा जाड-बारीक, प्रत्येकीचा सूर वेगळा, सगळ्या सारख्याच ताणल्या तर त्यातून निघणार काय? पण आयुष्यभर मागावर ताण्याचे हजारो उभे धागे एका ताणाला लावलेला माणूस तो. म्हणाले, “एक धागा सैल, एक धागा ताठ, मग कापड कसं व्हनार?” मी पेटी काढायची, सूर द्यायची, तारा लावून द्यायची. पुढच्या सुटीला ते पुन्हा सगळ्या सारख्या करून ठेवायचे. मी चिडायची. हट्टी म्हातारा, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले आहे मी.

एका सुटीला ते आले, बेंजो मांडीवर घेतला. मी सवयीनं पेटी ओढली, भाता सोडला आणि पट्टी दाबली. मी तोंडानं सांगतही होते, हा घ्या सा. पण पेटीतून नुसती हवा फुसकन गेली. वडिलांनी तिचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, काढून घासायला मागे नेले होते, ते मी विसरले होते. मी हसून काही बोलणार, तेवढ्यात मामांनी माझ्या पट्टीवरच्या बोटाकडे बघितलं, स्वतःची तार छेडली, खुंटी जराशी फिरवली, पुन्हा छेडली आणि समाधानानं मान हलवली.

“आता मिळालं की,” ते म्हणाले.

माझं बोट पट्टीवर तसंच राहिलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. मागावरची माणसं त्या आवाजात एकमेकांच्या ओठांवरूनच बोलतात, त्यामुळे समोरासमोर यांचं निभत होतं. वडिलांच्या तोंडात तंबाखू, म्हणून त्यांचं कळत नव्हतं. हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं आणि मला कळलं हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. त्यांनी बेंजो खाली ठेवला.

मग ते हळू आवाजात बोलले. हळू म्हणजे त्यांना वाटलं तितका, मागच्या खोलीत वडिलांनाही ऐकू गेला असणार. थोरल्या दोन्ही लेकींच्या हळदीला त्यांनी स्वतः बेंजो वाजवला होता. धाकटीचं लग्न वैशाखात होतं. “धाकटी म्हनंल, माज्याच टायमाला का न्हाय? तिला काय सांगू? मांडीवरचा बेंजो आता कळत न्हाय, अम्मा. ह्यो कळतो. हितं.” त्यांनी छातीवर हात ठेवला. बकऱ्याच्या कातड्याचा तेवढा छातीच्या हाडात वाजत होता, प्लॅस्टिकचा मुका होता. चार महिने त्यांची निवड चालली होती ती ही. पार्टीतल्या पोरांनी त्यांना वर्षापूर्वीच काढलं होतं, बेसूर वाजवता म्हणून. ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

“मांडवात लोक हसतील गं,” ते म्हणाले. “मी हसलेलं ऐकनार न्हाय. ती ऐकंल.”

मला रडू आलं. पण रडून तारा लागत नाहीत. पेटीचे सूर बसवून झाल्यावर मी चारही तारा बरोबर लावल्या आणि त्यांच्या समोर बसून ओठ नीट हलवत सांगितलं, मामा, आता कान विसरा. अंगठा ठेवा. हिचा ताण एवढा, हिचा एवढा, हे चार वेगवेगळे धागे आहेत असं समजा. ते पहिल्यांदा नाराज झाले. विणकराला सैल धागा म्हणजे गुन्हाच. मग अंगठा ठेवला, बराच वेळ ठेवला. मी खुंट्या उतरवल्या. त्यांनी पुन्हा चढवल्या. दोन तारा चुकल्या, दोन लागल्या. त्या दिवसापासून वैशाखापर्यंत एकही सुटी चुकली नाही. शेवटी शेवटी मी मुद्दाम तारा बिघडवून ठेवायची आणि ते अंगठ्यानं लावायचे. मग मी पेटीवर ताडून बघायची. त्या माणसानं मला तिसऱ्या तारेतली माझीच चूक दाखवली, आणि ती खरंच चूक होती.

हळदीला मी पेटी घेऊन गेले, कुणी विचारलं तर साथीला म्हणून. दुपारचं कडक ऊन, मांडवात बायका दाटीनं बसलेल्या, धाकटी पाटावर. त्यांनी घेतलेल्या कातड्याच्या बेंजोची चौथी तार जरा उतरलेली मला ऐकू आली. मी खूण करायच्या आत त्यांचा अंगठा तिथं पोचला होता. मग त्यांनी वाजवलं. बायका तेलुगू गाणं म्हणत होत्या, त्यांच्या टाळ्यांकडे बघून हे ठेका धरत होते. सुरेल वाजवलं हो. दुकानदाराची मुलगी म्हणून सांगते, उगाच नाही.

तेवढ्यात नवऱ्याकडची माणसं आली. गाणं थांबलं, ढोलकी थांबली, सगळे उठून तिकडे वळले. वाजवण्याच्या नादात मामांचे डोळे एव्हाना मिटले होते. ते वाजवतच राहिले. एकटा बेंजो मांडवभर वाजत होता. पाहुण्यांतले दोघं-तिघं वळून बघायला लागले, एकानं दुसऱ्याला कोपरानं डिवचलं. मी उठायच्या आधी धाकटी पाटावरून उठली. हळदीनं भरलेला तळहात तिनं अलगद बेंजोच्या कातड्यावर टेकवला. मामांनी डोळे उघडले. तिनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले. पाहुणे आलेत, एवढंच सांगितलं असणार. मामांनी मान डोलावली, आपणच थांबल्यासारखा बेंजो बाजूला ठेवला आणि पाहुण्यांना हात जोडत पुढे गेले.

पुढच्या सुटीला ते दुकानात येऊन सांगून गेले, “कुनी हसलं न्हाय.” पेढे वडिलांच्या हातावर ठेवले आणि नेहमीसारखे बडबडत बसले.

दोन वर्षांनी, कसल्याशा तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी वडील आणि मी त्यांच्या घरी गेलो. धाकटी सासरहून आलेली होती; वडिलांना ती नायना म्हणायची. मी तिला हळूच विचारलं, तुला त्यांच्या कानांचं ठाऊक होतं?

“ताई, मी शाळेत होते तवाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तवापासून मी नायनांना हाकच मारली न्हाय. काम असलं की समोर जाऊन उभी राहायची. हाक मारली आणि त्यांनी बघितलं न्हाय, तर त्यांनाच वाईट वाटंल म्हणून.”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“काल मात्र मारली. नायना, नायना म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकली.”