टाकीच्या मागचा काळा रंग

माझं माशांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांशी माझं फारसं पटत नाही. लोक येतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, सगळ्यात रंगीत मासा द्या. रेनबो मासे दाखवले की नाक मुरडतात. लहान वयात हा मासा अगदी मळकट दिसतो. नर मोठे होतात, घरात रुळतात, तेव्हा कुठे डोक्याकडे निळा आणि शेपटीकडे नारिंगी रंग चढतो, आणि त्याला वर्षभरही लागतं. एवढा दम कुणाकडे असतो? नुसते रंगीत नर तेवढे निवडून नेतात आणि मग माद्या नसल्या की ते फिके पडतात म्हणून माझ्याशीच भांडायला येतात.

मळकट पिल्लं स्वतःहून मागणारा मला एकच भेटला. तो घरं रंगवायचा. आमच्या रस्त्यावर त्याला सगळे ‘दुसरा हात’ म्हणत, कारण कुठल्याही भिंतीपुढे उभा राहिला की तो म्हणायचा, “दुसरा हात मारल्याशिवाय रंग बोलत नाही.” आमची जुनी ओळख. माझ्या दुकानाचं शटर त्यानेच रंगवलेलं.

“रंग हळूहळू चढणारे मासे आहेत का रे तुझ्याकडे?” त्याने विचारलं.

“आहेत. पण तुला कशाला?”

“तिला रोज काहीतरी नवीन दिसायला पाहिजे. भिंत बघून बघून कंटाळली ती.”

ती म्हणजे त्याची बायको. बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर वहिनींची उभी हयात गेली. दिवसभर बोलायचं आणि घरी येऊन उरलेलं बोलायचं, असा स्वभाव. झटका आला आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर बोलणंही गेलं. समजायचं सगळं, फक्त तोंडातून शब्द निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, तिला गुंतवून ठेवा, तिची इच्छा टिकली पाहिजे. इच्छा टिकवायची म्हणजे काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी त्याला उंच टाकी घेऊ दिली नाही. हे मासे सारखे आडवे पळतात, त्यांना लांबी लागते. झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर उडी मारून जमिनीवर. तोंड लहान, म्हणून खाणं बारीक. एकटादुकटा ठेवायचा नाही, पाच-सहा तरी हवेत, आणि त्यात माद्या जास्त. शेवटी मी म्हणालो, “मागच्या काचेला काळा कागद लाव. काळ्यावर रंग उठून दिसतात.”

“कागद?” तो म्हणाला. “मी रंगारी आहे, कागद कसला चिकटवू?”

“तो माशांना रंग चढल्यावरचा प्रश्न आहे,” मी म्हणालो आणि विषय तिथेच राहिला.

टाकी वहिनींच्या खाटेसमोर लागली. आधी काहीच झालं नाही. मासे मळकट, वहिनी भिंतीकडे तोंड करून. मग एका सकाळी एका नराच्या कपाळापासून पाठीपर्यंत झगझगीत पट्टा पेटला. मादीपुढे मिरवताना तो असा पट्टा पेटवतो आणि क्षणात विझवतो. रंगारी स्वयंपाकघरात होता. खाटेच्या लोखंडी कठड्यावर टकटक झाली. वहिनी डाव्या हातातली अंगठी कठड्यावर आपटत होत्या. तो धावत आला, तर त्या टाकीकडे बोट दाखवत होत्या.

त्यानंतर रोज सकाळी ही टकटक सुरू झाली. पट्टा दिसला की अंगठी वाजायची. मग पाणी हवं असलं तरी वाजायला लागली, उशी सरकली तरी वाजायला लागली. रंगारी दुकानात येऊन मला सांगायचा, “आज तर नुसता वैताग आणला तिने,” आणि इतका खूश असायचा की माझ्या गिऱ्हाइकांशीसुद्धा तोच गोड बोलायचा.

वर्ष सरता सरता रंग पुरा चढला आणि त्याला ती मागची काच आठवली.

इथे त्याच्या नाकाबद्दल सांगायला हवं. आयुष्यभर ऑइलपेंट आणि थिनर हुंगून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं. त्याला ना फुलाचा वास यायचा, ना गटाराचा. आपण ते चेष्टेवारी नेतो, तोही न्यायचा.

त्या सकाळी थंडी होती म्हणून वहिनींसाठी खिडक्या बंद होत्या. टाकी भिंतीपासून हातभर पुढे होती. तो त्या फटीत शिरला आणि मागच्या काचेला बाहेरून काळ्या ऑइलपेंटचा हात मारला. वाळल्यासारखा वाटल्यावर दुसराही मारला. टाकीला हवा देणारा पंप तिथेच मागे सुरू होता. पंप खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो, एवढंच त्याचं काम. खोलीत जे काही होतं, ते सगळं तो पाण्यात सोडत राहिला.

काम झाल्यावर रंगारी गॅलरीत ब्रश धुवायला गेला. त्याने कधी ब्रश तसाच टाकला नाही. आतून टकटक ऐकू आली. “दिसलं गं, दिसलं,” तो ओरडला. “आलोच.” टकटक थांबेना. त्याला वाटलं, काळ्यावर रंग इतके खुलले आहेत की हिला राहवत नाहीये. त्याने ब्रशचा केस न् केस साफ केला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि मग आत गेला.

त्याचा फोन आला तेव्हा मी दुपारी पुन्हा दुकान उघडत होतो. तसाच त्याच्या घरी धावलो. मला जिन्यातच वास आला. खिडक्या उघडल्या, पंप बंद केला, पाणी बदललं. एक मादी तेवढी हाती लागली. बाकीचे उलटे होऊन वर आले होते आणि सगळा रंग उतरून पहिल्यासारखे मळकट झाले होते. वहिनींच्या अंगठीने बोट सोलून निघालं होतं.

माझं पित्त खवळलं. “अरे, ती बिचारी हात आपटतेय, आणि तू ब्रश धुतोस?”

“मला वाटलं, तिला आवडलं,” तो म्हणाला.

मी फडकं घेऊन जमीन पुसत बसलो.

त्याने पुन्हा पिल्लं नेली. तीच जात, तशीच मळकट. काळा रंग ब्लेडने खरवडून काढला. पण अंगठी वाजली नाही. पट्ट्यासाठी नाही, पाण्यासाठी नाही, उशीसाठी नाही. तो दर थोड्या वेळाने जाऊन विचारायचा, काय हवंय का. त्या मान हलवायच्या, हो किंवा नाही. आपणहून काही मागायचं त्यांनी सोडून दिलं.

काही महिन्यांनी मी माशांचं खाणं द्यायला गेलो आणि पुन्हा मला जिन्यातच वास आला. या वेळी गॅसचा. दार नुसतं लोटलेलं होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस सुरूच होता. मी कॉक बंद केला आणि खिडक्या उघडत सुटलो. रंगारी गॅलरीत दार ओढून घेऊन एक जुनी खिडकी घासत बसला होता. वहिनी जाग्या होत्या. डावा हात कठड्यालाच टेकलेला होता.

“वहिनी, वास आला नाही तुम्हाला?” मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी मान हलवली. आला होता.

“मग वाजवलं का नाही?”

त्यांनी गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी टाकीकडे पाहिलं. मला कळायच्या आत त्याला कळलं. तो खाली बसला, हातातला पॉलिशपेपर तसाच धरून.

“आता वाजव,” तो म्हणाला. “एकदा वाजवून बघ. मी येतो की नाही बघ.”

त्यांनी वाजवलं नाही. मला त्या बाईचा संताप आला, आणि तिचं चुकलं असंही म्हणवेना.

तो आता कामाला जात नाही. त्याची खुर्ची खाटेला चिकटून असते. नव्या नरांना रंग चढलाय, सकाळी पट्टा पेटतो, तो तिला बोट करून दाखवतो. मी गेलो की आधी विचारतो, “कसला वास येतोय का रे?” मी नाही म्हणतो. पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. तो बायकोकडे बघतो, तिनेही नाही म्हणावं म्हणून, आणि ती मासे बघत असते.